वाटाण्याच्या कोंबाने दादासाहेब फाळकेंना भांडवल कसं मिळवून दिलं?

मोबाईलवर एखाद्या पिल्लाची ॲनिमेशन फिल्म लागली की पोरं खिळून बसतात. पण चित्रातलं पिल्लू पळतं कसं? थोड्याथोड्या फरकाची चित्रं भराभर दाखवली की ती डोळ्यांना हलताना दिसतात. शंभर वर्षांपूर्वी हा खेळ एका मराठी माणसाने करून पाहिला होता, दादासाहेब फाळकेंनी.

जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वरचा. जे. जे.मध्ये शिक्षण, मग फोटोग्राफी, पुढे छपाईचा धंदा. गोध्र्याला असताना प्लेगने पहिली बायको आणि मूल हिरावलं. नंतर सिनेमाचं वेड लागलं. सतत सिनेमे बघून काही काळ दृष्टीच गेली. तरी बरे होताच विमा गहाण ठेवून १९१२ मध्ये लंडन गाठलं, कॅमेरा आणला.

पण सिनेमाला पैसा कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला. महिनाभराहून जास्त काळ थोडंथोडं चित्रण केलं. पडद्यावर मिनिटभरात कोंब फुटला, वेल वर चढला. हे दाखवून भांडवल उभं राहिलं. दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिनेही दिले. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लागला.

पुढे त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केला. काडी जराशी सरकवायची, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा सरकवायची. निर्जीव काड्या जिवंत झाल्या!

१६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये दादासाहेब गेले. काड्यांचा तो सिनेमा आज बघायला मिळत नाही. पण पडद्यावर पिल्लू धावलं की त्यामागे तीच युक्ती असते.