थोरांची ओळख : पेटीवाले गोविंदराव टेंबे



आपल्या जुन्नर-आंबेगाव भागात काकडआरती असो, हरिनाम सप्ताह असो नाहीतर शाळेचा परिपाठ, पेटी ही हवीच. पण पेटी वाजवणारा एखादा मोठा कलावंत सांगा म्हटलं तर मुलं गप्प बसतात. म्हणून आज गोविंद सदाशिव टेंबे यांची ओळख करून घेऊया.

गोविंदरावांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरजवळच्या सांगवडे या गावी झाला. त्या काळी कोल्हापूर म्हणजे गाण्याचं गाव. शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादियाखाँसाहेब होते, आणि देवल क्लबात गाण्याच्या बैठका होत. तिथे गोविंदरावांचा कान तयार झाला. पेटी ते बहुतेक स्वतःच शिकले. पुढे भास्करबुवा बखले यांचं मार्गदर्शन मिळालं आणि बुवांच्या मैफलीत ते साथीला बसू लागले.

आता जरा थांबून पेटीबद्दल बोलू, कारण खरी गंमत इथेच आहे. पेटी मूळची आपली नाही. ती युरोपातून आली. तिथे पायाने भाता मारायचा असे. आपल्याकडे मांडी घालून बसणाऱ्यांसाठी हाताच्या भात्याची पेटी झाली. शक्य असेल तर शाळेतल्या पेटीचं झाकण उघडून मुलांना आतल्या पितळी पट्ट्या दाखवा. भात्याची हवा लागली की पट्टी थरथरते आणि सूर निघतो. प्रत्येक पट्टीचा सूर ठरलेला. एका सप्तकात बारा सूर, बस्स! दोन सुरांच्या मधली जागा पेटीत नसतेच. आपलं गाणं तर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातं, त्याला मींड म्हणतात. सारंगीवर बोट सरकवलं की मींड निघते, पेटीवर नाही. शिवाय रागाप्रमाणे सूर किंचित चढा-उतरा लागतो, तेही पेटीला जमत नाही.

असं उणं असलेलं वाद्य गोविंदरावांनी निवडलं आणि त्यावर एवढं प्रभुत्व मिळवलं की पेटी म्हटलं की त्यांचं नाव घेतलं जाऊ लागलं. माझ्या मते शिक्षकांनी वर्गात सांगावी ती हीच गोष्ट. मुलं आपल्याला विचारतातच ना, की सर, चांगलं सामान नाही तर कसं करायचं?

१९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीचं खाडिलकरांचं ‘मानापमान’ रंगभूमीवर आलं. त्याच्या चाली गोविंदरावांच्या. पूरबकडच्या ठुमरी-कजरीचा ढंग त्यांनी मराठी नाटकात आणला. १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. दोनच वर्षांत ते बाहेर पडले आणि स्वतःची शिवराज मंडळी उभी केली. १९३२ च्या प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात ते स्वतः हरिश्चंद्र झाले, संगीतही त्यांचंच. तारामती होत्या दुर्गाबाई खोटे. ‘माझा संगीत व्यासंग’ आणि ‘माझा जीवनविहार’ ही त्यांची पुस्तकं वाचनालयात मिळाली तर जरूर वाचा. या सगळ्या व्यापात पेटीवादन मात्र मागे पडत गेलं.

आणि पेटीचं काय झालं? १९४० साली रेडिओने तिच्यावर बंदीच घातली. कारण तेच, तिचे अचल सूर आपल्या गाण्याला मानवत नाहीत! म्हणजे बाहेर मैफलीत, भजनात पेटी वाजतेय आणि रेडिओवर तिला दार बंद. गंमतच म्हणायची. बंदी उठायला १९७१ साल उजाडलं. गोविंदराव तोवर राहिले नव्हते. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी त्यांचं निधन झालं होतं.