पंडित भातखंडे

१९०७ सालची गोष्ट. मुंबईचे एक वकील नागपुरास आले. त्यांना तेथे कोणताही खटला चालवावयाचा नव्हता. जुन्या चिजा आणि रागांची माहिती मिळविण्यासाठी ते घराबाहेर पडले होते. नागपूर, कलकत्ता, जगन्नाथपुरी, विजयनगरम, हैदराबाद अशी अनेक नगरे त्यांनी या प्रवासात पाहिली. या वकिलांचे नाव विष्णु नारायण भातखंडे.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. विद्यार्थिदशेतच ते सतार शिकले. १८८७ साली कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली आरंभिली. परंतु त्यांचे मन संगीतातच रमे. पुढे १९०० साली पत्नी आणि १९०३ साली कन्या निवर्तली. या दुःखानंतर त्यांनी उरलेले सारे आयुष्य संगीतास वाहिले.

त्या काळी विद्या गवयाच्या कंठातच राहत असे. एक गवई ग्वाल्हेरीस, दुसरा जयपुरास, तर तिसरा रामपुरास. ते सहसा एकत्र येत नसत. आले तरी ठेवणीतील चीज परक्यापुढे गात नसत. गवयाने डोळे मिटले, की त्याच्याबरोबर कितीतरी चिजाही नाहीशा होत. या सर्वांना एका बैठकीत बसविणे अशक्य होते. म्हणून त्यांची गाणी एका ग्रंथमालेत बसविण्याचा भातखंडे यांनी निश्चय केला.

या कामी त्यांनी फोनोग्राफही वापरला. जयपूरचे महंमदअली खाँ यांच्या पुत्रांकडून त्यांनी सुमारे ३०० चिजा या यंत्रावर उतरवून घेतल्या. हे कळताच खाँसाहेब संतापले. पण भातखंडे यांची निष्ठा पाहून त्यांनी त्यांना शिष्य मानले, असे सांगतात.

मेणाच्या नळकांड्यावर दोनचार मिनिटांचेच गाणे मावे आणि वारंवार वाजविल्याने ते झिजे. कागदावरील स्वर मात्र झिजत नाहीत. म्हणून भातखंडे यांनी सोपी स्वरलिपी सिद्ध केली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब, समेला फुली आणि खालीला शून्य. आवाजाचा गोडवा या खुणांत उतरत नाही. त्यासाठी गुरू हवाच. पण चिजेचा सांगाडा त्यांत सुरक्षित राहतो.

'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत सुमारे १८०० चिजा आल्या. कधीही एकमेकांशेजारी न बसलेले गवई तेथे शेजारी बसले. १९१६ साली बडोद्यास भातखंडे यांनी संगीत परिषद भरविली. त्यांच्या प्रयत्नाने १९१८ साली ग्वाल्हेरीस आणि १९२६ साली लखनौस संगीताची विद्यालये निघाली. १९३३ साली पक्षाघाताने त्यांना अंथरुणास खिळविले आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आपल्या रचनांत ते 'चतुर' हे नाव घालीत. पुढे नागपुरातील एका संगीत विद्यालयाने तेच नाव धारण केले. ज्या नगरात ते चिजा शोधीत आले होते, त्याच नगरातील मुले त्यांच्या पुस्तकांवरून गाऊ लागली.