रेव्हरंड नारायण वामन टिळक : विचाराच्या वाटेने ख्रिस्तचरणी

धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी ज्यांचे स्मरण करावयाचे, त्यांत संत, धर्मगुरू व आपल्या देवळाचे आद्य प्रवर्तक यांची नावे प्रथम येतात. आणि ते योग्यच होय. तथापि या अंकात आम्ही वाचकांपुढे अशा एका पुरुषाचे चरित्र ठेवीत आहोत, की जो आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचा सभासद नव्हता, परंतु ज्याची भजने मराठी ख्रिस्ती लोक आजही प्रेमाने गातात आणि ज्याचे शिक्षण आपल्याच गोदातीरी झाले. विभक्त बंधूंमध्ये जे जे खरोखर ख्रिस्ताचे आहे, त्याचा आनंदाने स्वीकार करावा, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली शिकविले आहे. टिळकांची निवड आम्ही त्यांच्या काव्यासाठी केलेली नाही. देवाने दिलेली बुद्धी श्रद्धेच्या कामी कशी लावावी, याचा इतका स्पष्ट दाखला आपल्या प्रांतात विरळा, म्हणून केली आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. मातोश्री जानकीबाई सात्त्विक व काव्यप्रेमी होत्या. त्या लवकर निवर्तल्या आणि पोरका झालेला हा मुलगा घर सोडून नाशिकास आला. येथे गणेशशास्त्री लेले यांजपाशी त्यांनी संस्कृत काव्याचे अध्ययन केले व शाळेत काही काळ इंग्रजीही शिकले. १८८० साली नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनूताई यांजबरोबर त्यांचा विवाह झाला. ह्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून सर्व महाराष्ट्रास ठाऊक झाल्या.

टिळकांची वृत्ती अस्थिर होती. आज एका गावी, उद्या दुसऱ्या गावी, असे त्यांचे बरेच दिवस गेले. परंतु मनात एक प्रश्न मात्र स्थिर होता : माणसामाणसांत भेद न करणारा आणि देशास वर आणणारा धर्म कोणता? परंपरेने आले म्हणून ते धरून बसले नाहीत. तसेच नवे म्हणून कशाच्या मागे धावलेही नाहीत. खरा धर्म कसा असावा, याचे एक चित्र त्यांनी स्वतःशी विचार करून तयार केले होते.

अशा स्थितीत, १८९३ च्या सुमारास, नागपुराहून राजनांदगावी जाताना आगगाडीत त्यांची एका पाश्चात्य मिशनऱ्याशी गाठ पडली. त्या गृहस्थाने वाद घातला नाही. काव्याविषयी व धर्माविषयी सौजन्याने बोलून त्याने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती दिली आणि ती प्रामाणिकपणे वाचण्याची विनंती केली. टिळकांनी वचन दिले म्हणून वाचावयास घेतले. आरंभी त्यांस गोडी लागली नाही. परंतु प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी येताच ग्रंथ खाली ठेववेना. जे चित्र मनात रेखाटले होते, ते तेथे त्यांस सजीव दिसले. तरीही उताविळीने निर्णय न करिता त्यांनी दीर्घकाळ वाचन, मनन व प्रार्थना केली. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत भारी पडली. जात गेली, आप्त दुरावले. पत्नीची संमती न घेताच त्यांनी हे पाऊल टाकिले होते, आणि ते दुःख त्या माउलीने वर्षानुवर्षे भोगिले. लहान दत्तूला घेऊन त्या माहेरच्या आप्तांच्या आश्रयास राहिल्या. चरित्रकाराने नायकाचा हा दोष झाकू नये, असे आम्हांस वाटते. ज्याने स्वतः विचारास इतका वेळ दिला, त्याने घरच्या माणसास तो आधी दिला नाही.

परंतु पुढे टिळकांनी तो दिला, आणि या चरित्रातील सर्वांत बोधप्रद भाग तोच होय. काही वर्षांनी लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच. त्यांच्या वडिलांच्या घरी सोवळ्याचा इतका अतिरेक होता, की बाजारातून आणलेला जिन्नसही धुऊन घ्यावा लागे. अशा घरात वाढलेल्या स्त्रीचे वेगळे पाणी व वेगळा स्वयंपाक टिळकांनी चालू दिला. बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. शेवटी एके दिवशी लक्ष्मीबाईंनी स्वतःशीच विचार केला, की जाती देवाने केल्या की माणसाने? माणूस सर्वत्र सारखाच जन्मतो व सारखाच मरतो, हे ध्यानात येताच मनातील गाठ सुटली. १९०० साली त्यांनी स्वखुशीने बाप्तिस्मा घेतला. पतीची आज्ञा म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या असत्या, तर ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई आपणांस लाभत्या काय?

टिळकांची बुद्धी बाप्तिस्म्यानंतर निजली नाही. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत. म्हणून परकी चाल टाकून अभंगाच्या व भजनाच्या रूपाने त्यांनी प्रभूची सेवा केली. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन केले. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही स्थान होते. येथे कॅथलिक वाचक त्यांच्यापासून वेगळा होईल, कारण संस्कार व ख्रिस्तसभा यांवाचून एकट्याचा विवेक वाट चुकू शकतो, अशी आपली शिकवण आहे. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. १९३६ साली त्यांनी आपल्या नाशकातच देह ठेविला.

श्रद्धा व बुद्धी या एकाच देवाच्या देणग्या असून त्यांत खरा विरोध असू शकत नाही, असे १८७० साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले. आपणांपैकी बहुतेकांस श्रद्धा आईच्या मांडीवर मिळाली. ती मोठीच कृपा होय. परंतु वारशाने आलेले शेत कसले नाही तर त्यात तणच माजते. आपली मुले आज प्रश्न विचारतात. मिस्सा कशासाठी, प्रायश्चित्त कशासाठी, शेजाऱ्याच्या धर्माविषयी काय समजावे? त्यांस दटावून गप्प करणारे घर श्रद्धेचे रक्षण करीत नाही. जलालपूरच्या कन्येस पुढे जो अवकाश मिळाला, तो आपल्या मुलांस आरंभापासून मिळावा. त्यांच्याबरोबर आपणही शुभवर्तमान उघडून वाचावे, आणि जेथे अडेल तेथे धर्मगुरूंस विचारावे.

महोत्सवाच्या या वर्षी प्रभूने आपल्या धर्मग्रामास प्रेमळ अंतःकरणाबरोबर जागी बुद्धीही द्यावी, हीच आमची त्याच्या चरणी प्रार्थना.