गणिताच्या प्रोफेसरांनी आखलेली पदवी

मैत्रिणींनो, घरात कुणी कॉलेजला जाणारी मुलगी असेल तर 'क्रेडिट', 'फील्ड प्रोजेक्ट', 'ऑन जॉब ट्रेनिंग' हे शब्द तुमच्याही कानावर पडले असतील. २०२०चं नवं शैक्षणिक धोरण आपल्या कॉलेजांत आल्यापासून बी.ए.ची मुलगी मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेचा विषय घेते, एखादं कौशल्य शिकते, गावात जाऊन काम करते, आणि या सगळ्याचे क्रेडिट जमले की पदवी. आमच्या भागातल्या बायका विचारतात, हे काय नवीनच काढलंय? आमच्या वेळी पुस्तक वाचलं, पेपर लिहिला, झालं! तेव्हा मला हमखास आठवतात ते महर्षी धोंडो केशव कर्वे, म्हणजे सगळ्यांचे अण्णा. अनेक विषय एकत्र गुंफलेली, घराशी आणि जगण्याशी जोडलेली पदवी त्यांनी १९१६ सालीच आखली होती, आणि तीही खास आपल्यासाठी.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८चा, कोकणातल्या शेरवलीचा. घर मुरूडला, दापोलीजवळ. परिस्थिती बेताची. १८७५ साली परीक्षेसाठी ते सोबत्यांबरोबर पायी साताऱ्याला निघाले. समुद्र खवळलेला, बोट नाही, म्हणून कुंभार्ली घाटाची वाट धरली. शंभराहून जास्त मैल! तिथे पोचले तर साहेबांनी ती किरकोळ चण बघून वय कमी ठरवलं आणि परीक्षेला बसूच दिलं नाही. आले तसे परत. चालण्याची ही सवय त्यांना पुढे जन्मभर उपयोगी पडली.

१८८४ला ते एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. झाले आणि मुंबईत मुलींच्या शाळांतून गणित शिकवू लागले. १८९१ साली पहिल्या पत्नी राधाबाई गेल्या. त्याच वर्षी गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्रोफेसर झाले. पुन्हा लग्न करायचं तर विधवेशीच, हे त्यांनी ठरवलं होतं. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई लहानपणीच विधवा झालेल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. त्या झाल्या आनंदीबाई, आणि लोकांच्या बाया. मुरूडच्या लोकांनी मग अण्णांवर बहिष्कार घातला. अण्णा भावाच्या घरी उतरले तर भावालाही वाळीत टाकायचं, इथपर्यंत ठराव झाला. आईला भेटायचीही चोरी.

१८९६ला त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. पुण्यात प्लेग आला तेव्हा १९०० साली तो गावाबाहेर हिंगण्याला हलवला. रावबहादूर गोखल्यांनी दिलेली सहा एकर जागा आणि तिथे एक झोपडी, एवढाच संसार. दिवसभर कॉलेजात गणित शिकवायचं, संध्याकाळी चिखल तुडवत सामानसुमान घेऊन हिंगण्याला जायचं, सकाळी परत शहरात. आणि बाया? नवरा आयुष्याच्या विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन बसलेला, घरात पोरं लहान, पैशाची ओढ. त्या चिडायच्या, बोलायच्या, आणि तरीही आश्रमासाठी वर्गणी गोळा करायला बाहेर पडायच्या. अण्णांची गोष्ट सांगताना त्यांचा त्याग आपण नेहमी सांगतो. त्या त्यागाचं बिल घरात कोण भरत होतं, तेही सांगायला हवं असं मला वाटतं.

आता पदवीकडे येते. जपानमध्ये टोकियोला १९०१ साली स्त्रियांचं विद्यापीठ निघालं होतं. त्याची माहितीपुस्तिका कुणीतरी अण्णांना पाठवली. त्यांनी ती आधी नुसतीच ठेवून दिली होती. १९१५ साली सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदाचं भाषण तयार करायला बसले तेव्हा ती पुन्हा हातात आली, आणि विचाराने घर केलं. डिसेंबरात मुंबईच्या परिषदेत त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ साली ते सुरूही झालं. कुलपती डॉ. रा. गो. भांडारकर, कुलगुरू रँग्लर परांजपे, आणि कॉलेजात विद्यार्थिनी किती? पाच! अण्णा तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे, नोकरीतून निवृत्त झालेले.

पदवीचं नाव 'गृहीतागमा', म्हणजे जिने विद्या आत्मसात केली ती. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, शिकवणं मातृभाषेतून. इंग्रजी होतं, पण एक विषय म्हणून. साहित्य, इतिहास, समाजशास्त्र यांच्याबरोबरीने आरोग्य, गृहव्यवस्था, मानसशास्त्र आणि बालमनाचा अभ्यास, हे सगळं पदवीसाठी आवश्यक. मुलाला ताप आला तर काय करायचं आणि राज्यकारभार कसा चालतो, हे एकाच मुलीला ठाऊक असावं अशी ती रचना. आणि गंमत बघा, आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाने गणित मात्र ऐच्छिक ठेवलं! हे सोपं नव्हतं बरं का.

टीका खूप झाली. बायकांसाठी वेगळा अभ्यासक्रम म्हणजे कमी दर्जाचा अभ्यासक्रम, असं चांगल्या शिकलेल्या लोकांनीच म्हटलं. गांधीजींना मातृभाषेचा मुद्दा पटला, पण इंग्रजी सक्तीचं ठेवणं पटलं नाही. काहींना इंग्रजी कमी वाटलं, काहींना जास्त! सरकारने तर या पदवीला मान्यताच दिली नाही. त्यामुळे गृहीतागमा झालेल्या मुलीला सरकारी नोकरीचं दार बंद. टीकाकारांचं सगळंच चूक होतं असं मला वाटत नाही. स्वयंपाक-आरोग्य मुलींनाच सक्तीचं का, मुलग्यांना का नको, हा प्रश्न आजही उरतोच. पण त्या काळात दुसरा पर्याय कोणता होता? इंग्रजीतून शिकवणारं मुंबई विद्यापीठ. तिथपर्यंत पोचणाऱ्या मुली बोटांवर मोजण्याइतक्या. बालपणी विधवा झालेली, विशीत पाटी हातात घेतलेली बाई तिथे कशी टिकणार?

अशी एक बाई अण्णांच्या घरातच होती. बायांची बहीण पार्वतीबाई आठवले. ऐन तारुण्यात वैधव्य, पदरात मुलगा, मग शिक्षणाला सुरुवात. आश्रमासाठी गावोगाव फिरून त्यांनी निधी जमवला. १९१८ साली इंग्रजी शिकायला आणि मदत मिळवायला एकट्या अमेरिकेला गेल्या, तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. आजच्या भाषेत सांगायचं तर केवढे क्रेडिट झाले असते त्यांचे!

१९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव मिळालं. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजे आपलं एस.एन.डी.टी. घरी राहून अभ्यास करून परीक्षा देण्याची सोयही पुढे या विद्यापीठाने ठेवली. चूलमूल सांभाळून पदवी घेतलेल्या कितीतरी मावश्या-आत्या आपल्या ओळखीत असतील. १९३६ साली विद्यापीठाचं मुख्य ठाणं मुंबईला गेलं.

अण्णा मात्र थांबले नाहीत. सत्तरी ओलांडल्यावर युरोप, अमेरिका, जपान फिरून आले, जिथे जातील तिथे विद्यापीठाची माहिती सांगत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यांतल्या शाळांसाठी संस्था काढली आणि पुन्हा वर्गणी मागत दारोदार चालू लागले. विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली ती १९५१ साली, सुरुवातीनंतर पस्तीस वर्षांनी. १९५८ला, शंभराव्या वर्षी, अण्णांना भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते गेले, वय एकशे चार.

बाया १९५० सालीच गेल्या होत्या. मान्यताही त्यांनी पाहिली नाही आणि भारतरत्नही.