आंब्रवाझ पारे

आंब्रवाझ पारे (अंदाजे इ.स. १५१० – २० डिसेंबर, इ.स. १५९०) हे सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यचिकित्सक होते. न्हावी-शल्यचिकित्सक म्हणून व्यवसायाला सुरुवात करून ते फ्रान्सच्या चार राजांचे शल्यचिकित्सक झाले. बंदुकीच्या जखमा उकळत्या तेलाने डागण्याची प्रथा त्यांनी नाकारली. अवयवच्छेदनानंतर रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधण्याची पद्धत त्यांनी पुन्हा प्रचारात आणली. त्यांनी आपले ग्रंथ लॅटिनऐवजी फ्रेंच भाषेत लिहिले. आधुनिक शल्यचिकित्सेच्या प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते.

पार्श्वभूमी

मध्ययुगीन यूरोपात वैद्यक आणि शल्यक्रिया हे दोन वेगळे व्यवसाय होते. विद्यापीठात शिकलेले वैद्य लॅटिन ग्रंथांच्या आधारे रोगनिदान करीत, औषधे सांगत आणि आहारविहाराचे नियम घालून देत. रुग्णाच्या शरीरावर हत्यार चालवणे ते कमीपणाचे मानीत. चर्चच्या १२१५ मधील चौथ्या लॅटरन परिषदेने पाद्री व त्यांच्या हाताखालील धर्मसेवकांना कापणे आणि डागणे या शल्यक्रिया करण्यास मनाई केली. विद्यापीठांवर धर्मसंस्थेचा मोठा प्रभाव असल्याने हाताने करावयाचे उपचार विद्वानांच्या कक्षेबाहेर राहिले.

ही कामे प्रामुख्याने न्हाव्यांकडे आली. धारदार वस्तरा आणि तो चालवणारा सराईत हात त्यांच्यापाशी होताच. मठांमध्ये धर्मगुरूंच्या डोक्याचा मधला भाग नियमितपणे भादरावा लागे आणि ठरावीक काळाने रक्तमोक्षणही केले जाई. ही दोन्ही कामे न्हावीच करीत. दाढी व हजामतीबरोबर शीर तोडून रक्त काढणे, तुंबड्या लावणे, गळवे फोडणे, दात उपटणे, मोडलेली हाडे बसवणे आणि जखमांची मलमपट्टी करणे हीदेखील त्यांच्या व्यवसायाची अंगे झाली. हे ज्ञान ग्रंथांतून नव्हे, तर उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करून मिळवले जाई.

पॅरिसमध्ये या क्षेत्रात तीन पायऱ्या होत्या. सर्वांत वर विद्यापीठाच्या वैद्यक विद्याशाखेतील वैद्य, त्यांच्या खाली सेंट-कोम या मंडळाचे लांब झगा घालणारे शल्यचिकित्सक आणि तळाशी आखूड झगा घालणारे न्हावी-शल्यचिकित्सक. सेंट-कोम मंडळाला विद्यापीठीय प्रतिष्ठा हवी होती, तर वैद्यांना या मंडळावर वचक ठेवायचा होता. म्हणून १५०५ मध्ये वैद्यक विद्याशाखेने न्हाव्यांना आपल्या छत्राखाली घेऊन त्यांना शिकवण्याची व्यवस्था केली. या चढाओढीतच पारे यांची कारकीर्द घडली.

प्रारंभिक जीवन

पारे यांचा जन्म वायव्य फ्रान्समधील लाव्हाल या गावाजवळ एका सामान्य कुटुंबात झाला. त्यांना लॅटिन व ग्रीक शिकण्याची संधी मिळाली नाही. न्हाव्याच्या हाताखाली उमेदवारी केल्यावर ते पॅरिसला आले आणि १५३३ च्या सुमारास ओतेल-द्यू या शहरातील सर्वांत जुन्या रुग्णालयात शल्यसाहाय्यक म्हणून काम करू लागले. तेथे गरीब रुग्णांची प्रचंड गर्दी असे. सुमारे तीन वर्षांच्या वास्तव्यात त्यांनी असंख्य जखमा व व्रण पाहिले आणि मृतदेहांचे विच्छेदनही केले. विद्यापीठाचे दार बंद असलेल्या या तरुणाला रुग्णालयाने शरीररचनेचे प्रत्यक्ष ज्ञान दिले.

पीडमाँटची मोहीम

१५३७ मध्ये फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याच्या सैन्याने इटलीतील पीडमाँट प्रांतात मोहीम काढली. पायदळाचे सेनानी माँतझाँ यांचे शल्यचिकित्सक म्हणून पारे या सैन्याबरोबर गेले. त्यांनी तोवर बंदुकीच्या जखमा पाहिल्या नव्हत्या.

बंदुकीच्या दारूने जखम विषारी होते, असे त्या काळी मानले जाई. इटालियन शल्यचिकित्सक जोव्हान्नी दा व्हिगो यांच्या ग्रंथात अशा जखमांवर एल्डर वृक्षाचे उकळते तेल ओतून विष जाळावे, असे सांगितले होते. पारे यांनी आधी इतर शल्यचिकित्सक काय करतात ते पाहिले आणि मग धीर करून तसेच उपचार सुरू केले. जखमींची संख्या मोठी होती. एका चकमकीनंतर तेल संपले. नाइलाजाने त्यांनी उरलेल्या सैनिकांच्या जखमांवर अंड्याचा पिवळा बलक, गुलाबाचे तेल आणि टर्पेंटाइन यांचे मिश्रण लावले.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. तेल न मिळालेले सैनिक विषबाधेने दगावतील, अशी त्यांना भीती वाटत होती. पहाटेच उठून ते जखमींकडे गेले. साधे मिश्रण लावलेल्या सैनिकांना फारशा वेदना नव्हत्या, जखमांभोवती सूज नव्हती आणि त्यांना रात्री बऱ्यापैकी झोपही लागली होती. उकळते तेल ओतलेले सैनिक मात्र तापाने फणफणत होते, त्यांच्या जखमा सुजल्या होत्या आणि त्यांना तीव्र वेदना होत होत्या. बंदुकीने जखमी झालेल्यांना यापुढे अशा रीतीने भाजायचे नाही, असा निश्चय पारे यांनी केला.

ही तुलना योजून केलेली नव्हती, ती टंचाईतून घडली. परंतु ग्रंथातील वचन आणि डोळ्यांसमोरचा रुग्ण यांच्यात विरोध दिसताच त्यांनी रुग्णाचा पुरावा मानला. मात्र या मोहिमेत त्यांनी जुने उपचार सरसकट टाकून दिले नाहीत. तुरिनमधील एका शल्यचिकित्सकाकडून त्यांनी दीर्घ काळ मनधरणी करून एक गुप्त मलम मिळवले. लिलीच्या तेलात उकळलेली कुत्र्याची पिल्ले, गांडुळे आणि टर्पेंटाइन यांपासून ते तयार केले जाई. त्यातील द्रव्ये आज निरर्थक वाटतात, परंतु ते जखम भाजत नसल्यामुळे उकळत्या तेलापेक्षा कमी अपाय करीत असे.

फ्रेंच भाषेतील लेखन

पॅरिसला परतल्यावर १५४१ मध्ये पारे यांना न्हावी-शल्यचिकित्सक म्हणून स्वतंत्र व्यवसाय करण्याची मान्यता मिळाली. त्याच वर्षी त्यांनी झान माझ्लाँ यांच्याशी विवाह केला. १५४२ मध्ये पर्पिन्याँ येथील वेढ्यात ब्रिसाक या सेनानीच्या शरीरात रुतलेली गोळी कोणालाही सापडत नव्हती. गोळी लागली त्या क्षणी तो ज्या स्थितीत होता, त्याच स्थितीत पारे यांनी त्याला पुन्हा उभे राहण्यास सांगितले आणि त्यावरून गोळीचे स्थान शोधून काढले.

१५४५ मध्ये बंदुकीच्या जखमांवरील त्यांचा पहिला ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो फ्रेंचमध्ये होता. लेखकाला लॅटिन येत नव्हते हे त्याचे एक कारण होते. परंतु ज्यांच्यासाठी ग्रंथ लिहिला, त्या रणांगणावरील न्हावी-शल्यचिकित्सकांनाही लॅटिन येत नव्हते. लॅटिनच्या भिंतीआड असलेले ज्ञान यामुळे प्रत्यक्ष उपचार करणाऱ्यांच्या हाती आले.

रक्तवाहिन्या बांधण्याची पद्धत

अवयव कापल्यानंतर रक्तस्राव थांबवण्यासाठी लाल तापलेले लोखंड लावण्याची पद्धत रूढ होती. रुग्णांना याच्या असह्य वेदना होत आणि जळलेली खपली गळून पडल्यावर पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका असे. १५५२ मध्ये दाँव्हिलेर येथील वेढ्यात एका जखमी माणसाचा पाय कापताना पारे यांनी लोखंड बाजूला ठेवले. त्यांनी तुटलेल्या रक्तवाहिन्यांची टोके चिमट्याने ओढून दोऱ्याने बांधली. रुग्ण वाचला. ही पद्धत त्यांनी १५६४ च्या ग्रंथात सविस्तर मांडली.

रक्तवाहिन्या बांधण्याची कल्पना नवी नव्हती. प्राचीन वैद्य सेल्सस आणि गेलेन यांनी जखमांच्या संदर्भात तिचा उल्लेख केला होता. पारे यांनी तिचा अवयवच्छेदनात पद्धतशीर उपयोग केला. तरीही ती लगेच सर्वत्र रूढ झाली नाही. युद्धभूमीवर रक्तस्राव चालू असताना अनेक वाहिन्या एकेक करून बांधण्यास वेळ आणि कुशल साहाय्यक लागत. अठराव्या शतकात झां-लुई पेती यांनी स्क्रूचा रक्तबंध तयार केल्यावर हे काम सुकर झाले. दोऱ्यांमुळे होणाऱ्या जंतुसंसर्गाचा प्रश्न तर एकोणिसाव्या शतकात जोसेफ लिस्टर यांच्या पूतिरोधक पद्धतीनंतरच आटोक्यात आला.

राजसेवा आणि युद्धे

१५५२ मध्ये राजा दुसरा हेन्री याने पारे यांची आपल्या शल्यचिकित्सकांमध्ये नेमणूक केली. त्याच वर्षाच्या अखेरीस सम्राट पाचवा चार्ल्स याने मेत्झ शहराला वेढा घातला. आतील जखमी मोठ्या संख्येने मरत होते. गीझच्या ड्यूकच्या विनंतीवरून राजाने पारे यांना औषधांसह वेढ्यातून गुप्तपणे शहरात पाठवले. त्यांच्या आगमनाने सैनिकांना मोठा धीर आला. १५५३ मध्ये एदँ येथे ते शत्रूच्या हाती सापडले. तेथे एका सरदाराच्या पायाचा जुना व्रण बरा केल्यामुळे त्यांची खंडणीशिवाय सुटका झाली.

१५५४ मध्ये सेंट-कोम मंडळाने त्यांना सदस्य करून घेतले. राजाचा शल्यचिकित्सक आपल्यात असणे मंडळाला प्रतिष्ठेचे होते. त्यामुळे लॅटिनमधील परीक्षेची अडचण आड आली नाही. वैद्यक विद्याशाखेला मात्र लॅटिन न जाणणाऱ्या न्हाव्याला मिळालेला हा मान खटकला.

३० जून १५५९ रोजी भाल्यांच्या खेळात प्रतिस्पर्ध्याच्या भाल्याची ढलपी दुसरा हेन्री याच्या डोळ्याजवळ घुसली. पारे यांच्यासह राजवैद्य उपस्थित होते आणि ब्रसेल्सहून प्रसिद्ध शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसेलियस यांनाही बोलावण्यात आले. परंतु १० जुलै रोजी राजाचा मृत्यू झाला. त्यानंतर पारे यांनी दुसरा फ्रान्स्वा, नववा चार्ल्स आणि तिसरा हेन्री या राजांची सेवा केली. नवव्या चार्ल्सच्या काळात ते प्रमुख राजशल्यचिकित्सक झाले.

ऑगस्ट १५७२ मध्ये प्रॉटेस्टंट पंथाचे नेते अ‍ॅडमिरल कोलिन्यी यांच्यावर पॅरिसमध्ये गोळी झाडण्यात आली. पारे यांनी त्यांचे जखमी बोट कापले आणि हातातील गोळी काढली. दोनच दिवसांनी सुरू झालेल्या सेंट बार्थोलोम्यू दिनाच्या हत्याकांडात कोलिन्यी मारले गेले. पारे स्वतः प्रॉटेस्टंट होते आणि राजाने त्यांना आपल्या दालनात लपवून वाचवले, अशी आख्यायिका आहे. परंतु त्यांचे विवाह, मुलांचे बाप्तिस्मे आणि दफन कॅथलिक चर्चमध्येच झाले.

औषधांची पारख

बेझोआर हा काही प्राण्यांच्या जठरात सापडणारा खडा सर्व विषांवर उतारा मानला जाई आणि तो अतिशय महाग असे. नवव्या चार्ल्सने असा खडा पारे यांना दाखवला, तेव्हा सर्व विषांवर एकच उतारा असणे शक्य नाही, असे मत त्यांनी मांडले. चांदीची दोन ताटे चोरल्याबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या एका आचाऱ्यासमोर, जगल्यास सुटका होईल या अटीवर, विष घेऊन नंतर बेझोआर घेण्याचा पर्याय ठेवण्यात आला. त्याने तो स्वीकारला. त्याला रसकापूर हे जहाल विष देण्यात आले. खड्याचा काहीही उपयोग झाला नाही आणि सुमारे सात तासांनी तो तडफडून मेला. पारे त्याच्या अखेरच्या काळात त्याच्यापाशी होते. नंतर त्यांनी शवविच्छेदनही केले. खड्याचा फोलपणा सिद्ध झाला, पण त्याची किंमत एका माणसाने यातनांनी मोजली. पारे यांनी त्या यातनांचे वर्णन आपल्या ग्रंथात केले आहे.

१५८२ च्या ग्रंथात त्यांनी इजिप्तमधील ममींची पूड आणि एकशिंग्या प्राण्याचे तथाकथित शिंग या श्रीमंतांच्या औषधांवरही टीका केली. तरीही ते आपल्या काळापासून पूर्णपणे मुक्त नव्हते. १५७३ मधील विचित्र जन्मांवरील त्यांच्या ग्रंथात शरीरशास्त्रीय निरीक्षणांच्या जोडीला सैतान व चेटूक यांवरील विश्वासही आढळतो.

इतर कार्य

आडव्या गर्भाला गर्भाशयात हाताने फिरवून पायांकडून बाहेर काढण्याची प्राचीन पद्धत पारे यांनी पुन्हा प्रचारात आणली. अवयव गमावलेल्या सैनिकांसाठी त्यांनी कृत्रिम हात-पायांच्या रचना प्रसिद्ध केल्या. बोटे हलवता येणारा लोखंडी हात एका कुलपे बनवणाऱ्या कारागिराने तयार केला होता. कृत्रिम डोळे आणि नाक यांचेही वर्णन त्यांच्या ग्रंथांत आहे.

विद्याशाखेशी संघर्ष

१५७५ मध्ये पारे यांचे समग्र ग्रंथ एकत्रित प्रसिद्ध झाले. वैद्यकविषयक पुस्तकाला आपली पूर्वसंमती आवश्यक आहे, असे सांगून वैद्यक विद्याशाखेने त्याला विरोध केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. ज्वरासारखे विषय वैद्यांचे असून शल्यचिकित्सकाने त्यावर लिहू नये, असाही आक्षेप होता. ग्रंथाचा प्रसार मात्र थांबला नाही. १५८० मध्ये वैद्य एतिएन गुर्मलँ यांनी रक्तवाहिन्या बांधण्याच्या पद्धतीवर प्राचीन मताचा आधार घेऊन टीका केली.

पारे यांनी १५८५ मध्ये, वयाच्या सुमारे पंचाहत्तराव्या वर्षी, तिला उत्तर दिले. त्यांनी आधी प्राचीन ग्रंथकारांचेच दाखले देऊन आपल्या पद्धतीचे समर्थन केले. नंतर तुरिनपासूनच्या आपल्या मोहिमांचा वृत्तांत देऊन, खुर्चीत बसून पुस्तके वाचणाऱ्याला शल्यक्रिया येत नाही, हे दाखवून दिले. उपचार करणे आपले काम आणि बरे करणे ईश्वराचे, अशी नम्र भूमिका त्यांच्या लेखनात वारंवार दिसते.

अखेरचे दिवस आणि वारसा

१५९० मध्ये पॅरिसला वेढा पडून लोक उपासमारीने मरू लागले. वेढा उठण्यापूर्वी काही दिवस, ऐंशी वर्षांच्या पारे यांनी सेंट-मिशेल पुलाजवळ लीआँच्या आर्चबिशपला रस्त्यात थांबवून भुकेल्या जनतेसाठी शांतता करण्याची विनंती केली, असे समकालीन रोजनिशीत नोंदलेले आहे. २० डिसेंबर १५९० रोजी त्यांचे निधन झाले. सेंट-आंद्रे-देझार या चर्चमध्ये त्यांचे दफन करण्यात आले.

ज्या लॅटिनवाचून त्यांना हिणवले गेले, त्या भाषेत त्यांच्या ग्रंथांचा अनुवाद त्यांचे शिष्य झाक गियमो यांनी १५८२ मध्येच प्रसिद्ध केला होता. १६३४ मध्ये इंग्रजी अनुवाद निघाला. दोन्ही व्यवसाय वेगळे होण्यास मात्र बराच काळ लागला. फ्रान्समध्ये १७४३ मध्ये आणि इंग्लंडमध्ये १७४५ मध्ये शल्यचिकित्सक न्हाव्यांपासून कायद्याने विभक्त झाले. शल्यचिकित्सेला स्वतंत्र विद्येचा दर्जा मिळाला, तेव्हा तिच्या पायाशी वस्तरा हातात घेऊन शिकलेल्या पारे यांच्यासारख्यांचे कार्य होते.