रडण्यास वाचा देणाऱ्या ताराबाई मोडक

सायंकाळची वेळ असते. आई चुलीपाशीं बसलेली असते आणि अडीच-तीन वर्षांचें मूल अंगणांत लोळून आकांत करीत असतें. भाकरी दिली तर तें फेकून देतें, पाणी दिलें तर लोटून देतें. शेवटीं पाठींत धपाटा बसतो व मूल हुंदके देत झोपी जातें. नाशिक जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतून फिरतांना हा प्रसंग आम्हीं कितीतरी वेळां पाहिला आहे. एकदां तो आमच्याच घरीं घडला, आणि धपाटा देणारा हात आमचा होता. दुसऱ्या दिवशीं मुलाचा कान वाहूं लागला, तेव्हां त्या रडण्याचा अर्थ आम्हांस कळला. कान दुखतो, एवढे दोन शब्द त्या जीवापाशीं नव्हते.

अशा मुलांचें रडणें ज्यांनीं जन्मभर लक्ष देऊन ऐकलें, त्या कै. ताराबाई मोडक यांचें चरित्र आज थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजीं मुंबईस झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे असल्यामुळें, मुलीस शिकवूं नये असें ज्या काळीं लोक म्हणत, त्या काळीं ताराबाई 1914 सालीं पदवीधर झाल्या. पुढें विवाह झाला. परंतु संसार सुखाचा झाला नाहीं. लहानग्या प्रभेस घेऊन त्यांनीं स्वतंत्र मार्ग धरला. राजकोट येथें शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजावर कांहीं काळ काम केल्यावर 1923 सालीं त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरांत गेल्या. मानाची जागा सोडून लहान मुलांत जाऊन बसणें त्या वेळीं पुष्कळांस वेडेपणाचें वाटलें असेल. ताराबाईंस मात्र आपलें जीवितकार्य तेथेंच सांपडलें.

त्या बालमंदिरांत डॉ. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीनें शिक्षण चाले. तीत मुलास शब्द शिकविण्याची एक साधी रीत आहे. तिच्या पायऱ्या तीन. एक गुळगुळीत व एक खरखरीत अशा दोन वस्तु घ्याव्या. प्रथम मुलाचा हात त्यांवरून फिरवून एकेकीचें नांव स्पष्ट सांगावें. मग यांतील खरखरीत कोणती तें दाखव, असें म्हणावें. तें जमल्यावरच एक वस्तु पुढें करून, ही कशी आहे, असें विचारावें. मूल चुकलें तर रागावूं नये. पाठ तेथेंच थांबवून दुसऱ्या दिवशीं पुनः आरंभ करावा. ही रीत मूळची सेगँ नांवाच्या फ्रेंच वैद्याची. मंदबुद्धि मुलांस शिकवितांना त्यानें ती योजिली होती.

आतां आपण आपल्या घरांत काय करतों, तें पाहूं. पहिल्या दोन पायऱ्या गाळून आपण एकदम तिसरीवर उभे राहतों. काय हवें तें नीट सांग, म्हणून मुलावर ओरडतों. परंतु सांगावयास लागणारा शब्द त्यास आपण कधीं दिलेलाच नसतो. मुलाच्या हट्टास बहुधा कारण असतें, व तें शोधणें हें वडील माणसांचें काम आहे, अशी ताराबाईंची शिकवण होती. बालकांचा हट्ट या नांवाचें पुस्तकच त्यांनीं लिहिलें.

1926 सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, व पुढें 1936 सालीं मुंबईंत दादर येथें शिशुविहार सुरू झाला. तथापि हें शिक्षण शहरांतील सुखवस्तु घरांपुरतेंच राहावें, हें ताराबाईंस रुचेना. म्हणून 1945 सालीं, वयाच्या 53 व्या वर्षीं, त्या समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं गेल्या. अनुताई वाघ यांची साथ त्यांस तेथें मिळाली. वाड्यांवरचीं मुलें शाळेंत येईनात, म्हणून शाळाच मुलांच्या अंगणांत नेली. तीच अंगणवाडी होय. महागड्या साहित्याऐवजीं शिंपले, खडे, बिया व पानें आलीं. 1957 च्या सुमारास काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें वारली मुलें होतीं. शाळेची भाषा एक व घरची बोली दुसरी, म्हणून असें मूल गुरुजींपुढें गप्प बसतें, व आपण त्यास मंद म्हणून मोकळे होतों. कोसबाडास मुलांच्या बोलीस शाळेंत जागा मिळाली, तेव्हां तीं बोलूं लागलीं. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा निघाली, आणि धाकट्या भावंडास सांभाळणारी मुलगी शाळेस मुकूं नये म्हणून पाळणाघरही शाळेस जोडलें गेलें.

1962 सालीं सरकारनें त्यांस पद्मभूषण हा सन्मान दिला. 31 ऑगस्ट 1973 रोजीं त्या निवर्तल्या. त्यानंतर दोनच वर्षांनीं, 2 ऑक्टोबर 1975 रोजीं, सरकारची बालविकास योजना सुरू झाली, व अंगणवाडी हें नांव देशभर खेड्याखेड्यांत पोंचलें.

वाचकहो, आपल्या गांवीं अंगणवाडी आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु मुलाचें पहिलें अंगण घराचें. अंघोळ घालतांना कान, पोट, दांत यांचीं नांवें सांगावीं. घांस भरवितांना भूक, तहान, तिखट, गरम हे शब्द द्यावे. अंधारांत जवळ घेऊन भीति हा शब्द द्यावा. बागलाणांतील अहिराणी असो वा पेठ-सुरगाण्याकडील कोकणा बोली असो, घरांत जी बोली चालते तींतच हे शब्द द्यावे. आणि हात उगारण्यापूर्वीं क्षणभर थांबून, या मुलाजवळ शब्द आहे काय, असें स्वतःस विचारावें. आम्हीं तें त्या सायंकाळीं विचारलें नाहीं, याची खंत आम्हांस आजही आहे.