दोन दगड आणि पोटभर धुकं

समजा, तुम्हाला शॉर्टफिल्म करायचीय. गोष्ट घडते परग्रहावर. आणि हातात आहे काय? एक रिकामी खोली, दोन खोटे दगड आणि जेमतेम चहा-वडापावला पुरतील एवढे पैसे. आपण काय करू? स्क्रिप्ट बदलू, नाहीतर सरळ प्रोजेक्ट गुंडाळू. रोममधल्या एका माणसाने 1965 मध्ये यातलं काहीच केलं नाही. त्याने सेटवर धूर सोडला आणि कॅमेरा सुरू केला. त्याचं नाव मारिओ बावा.

बावाचा जन्म 31 जुलै 1914 चा, इटलीतल्या सान रेमो या किनाऱ्यावरच्या गावातला. वडील युजेनिओ मूळचे शिल्पकार; पुढे मूकपटांच्या काळात कॅमेरामन आणि ट्रिक सीनचे उस्ताद झाले. त्यामुळे घरात खेळण्यांच्या जागी प्लॅस्टर, काच, रंग आणि फिल्मच्या पट्ट्या. मारिओला चित्रकार व्हायचं होतं, पण चित्रांवर घर चालणं कठीण. मग वडिलांच्या हाताखाली काम सुरू झालं. सिनेमांची टायटल्स बनव, ट्रिक सीनला मदत कर, कॅमेरा सांभाळ. 1939 च्या सुमारास तो स्वतः कॅमेरामन झाला. रोबेर्तो रोसेलिनीच्या सुरुवातीच्या लघुपटांचं छायाचित्रणही त्याने केलं.

पुढची वीसेक वर्षं तो दुसऱ्यांचेच सिनेमे शूट करत राहिला. सेटवर त्याची ख्याती मात्र वेगळीच होती: गाडी अडकली की बावाला बोलवा! 1957 च्या ‘इ व्हाम्पिरी’ या भयपटाचा दिग्दर्शक रिकार्दो फ्रेदा शूटिंग अर्धवट टाकून निघून गेला, तेव्हा उरलेलं काम बावाने अवघ्या दोन दिवसांत उरकलं. याच सिनेमात एक तरुण बाई कॅमेऱ्यासमोर, एकही कट न घेता म्हातारी होते. कॉम्प्युटर नसताना हे जमलं कसं? चेहऱ्यावर सुरकुत्या लाल रंगाने काढल्या होत्या. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर लाल उजेडात लाल रेघ दिसतच नाही. उजेड हळूहळू निळा-हिरवा केला की तीच रेघ काळी होऊन वर येते. खर्च किती? मेकअप आणि रंगीत काचा, बस्स.

अशी दोन-तीन बुडती जहाजं किनाऱ्याला लावल्यावर निर्मात्यांनी त्याला स्वतःचा सिनेमा दिला. 1960 मध्ये ‘ब्लॅक संडे’ आला, तेव्हा बावा 46 वर्षांचा होता. म्हणजे ‘उशीर झाला’ वगैरे आपण विशीत म्हणतो, ते जरा जपूनच म्हणावं! धुक्यातून झुलत येणारी घोडागाडी, पडकं स्मशान, वाकड्या फांद्या... हा सिनेमा जगभर चालला आणि बार्बरा स्टील ही नटी भयपटांची राणी झाली.

आता येऊ त्या दोन दगडांकडे. 1965 च्या ‘प्लॅनेट ऑफ द व्हॅम्पायर्स’मध्ये एक यान अनोळखी ग्रहावर उतरतं. बजेट तुटपुंजं. हाताशी काय, तर कुठल्याशा पौराणिक सिनेमातून उरलेले दोन प्लॅस्टिकचे दगड. बावाने ते आरशांत दाखवून वाढवले, जागा बदलून पुन्हा पुन्हा वापरले, छोटी मॉडेल्स कॅमेऱ्याजवळ ठेवून त्यांचे डोंगर केले. आणि उरलेली सगळी रिकामी जागा धुक्याने भरून टाकली. त्या धुक्यावर लाल, हिरवा, जांभळा प्रकाश मारला. पडद्यावर दिसला तो संपूर्ण ग्रह! पुढे 1979 मध्ये ‘एलियन’ आला, तेव्हा अनेक समीक्षकांना बावाचा हा ग्रह आठवला.

पण नुसता धूर सोडला की धुकं होत नाही. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये स्मोक मशीन लावून स्टेजवरचे सगळेच गायब झालेले आपण पाहिलेत. धुक्यावर समोरून लाइट मारला की पांढरी भिंत उभी राहते. तोच लाइट मागून किंवा बाजूने मारला, की धुक्याचा कण न् कण चमकतो, माणसाची काळी आकृती उठून दिसते आणि खोली जाणवते. बावा मुळात चित्रकार. लांबची वस्तू फिकी आणि पुसट काढली की चित्रात अंतर तयार होतं, हे त्याच्या हातात मुरलेलं होतं. धुकं तेच काम आपोआप करतं. दहा फुटांवरची भिंत पुसट झाली की डोळ्यांना ती मैलभर लांब वाटते. म्हणजे धुकं दोन कामं करतं: नसलेलं लपवतं आणि असलेलं मोठं करतं.

(तुम्ही करून बघणार असाल तर एक सांगतो. जमिनीलगत सरपटणारं धुकं ड्राय आइस गरम पाण्यात टाकून मिळतं. पण तो उणे 78 अंशांचा असतो, उघड्या हाताने धरायचा नाही. शिवाय त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड खाली साचतो आणि बंद खोलीत जीव गुदमरू शकतो. खिडक्या-दारं उघडी हवीतच.)

हे सगळं वाचून बावाचं आयुष्य म्हणजे नुसती धमाल असं वाटेल. तसं नव्हतं. 1966 च्या ‘किल, बेबी... किल!’च्या वेळी शूटिंग अर्ध्यावर असताना पैसेच संपले. क्रूने पगाराशिवाय काम करून सिनेमा पुरा केला. माणूसच तसा होता. 1968 मध्ये ‘डेंजर: डायबोलिक’साठी दीनो दे लॉरेंतीस या बड्या निर्मात्याने तीस लाख डॉलर ठेवले होते, बावाने चारेक लाखांतच काम भागवलं, असं सांगतात. खलनायकाचा भव्य भुयारी अड्डा बराचसा काचेवर रंगवलेला होता.

पण एवढं करून समीक्षकांच्या लेखी तो राहिला स्वस्तातल्या सिनेमांचा कारागीर. 1973 चा ‘लिसा अँड द डेव्हिल’ त्याने मनापासून बनवला, तर वितरकच मिळेना. शेवटी निर्मात्याने त्यात भुताने झपाटल्याचे नवे सीन घुसडून तो दुसऱ्याच नावाने विकला. 1974 मध्ये त्याने ‘रॅबिड डॉग्ज’ केला, जवळजवळ सगळा एका धावत्या गाडीत घडणारा. यात धुकं नाही, आरसे नाहीत. भर उन्हात, घामाघूम माणसांची गोष्ट. आपल्याला ट्रिकशिवायही सिनेमा करता येतो, हे दाखवायची ती संधी होती. पण पैसे लावणारा माणूस अपघातात गेला, निर्मात्याचं दिवाळं निघालं आणि रिळं जप्त झाली. तो सिनेमा लोकांसमोर आला तो नव्वदच्या दशकात. बावाला तो थिएटरात कधी बघताच आला नाही. 27 एप्रिल 1980 रोजी हार्ट अटॅकने तो गेला. दोनच दिवसांनी हिचकॉकही गेला आणि जगभरचे रकाने अर्थातच हिचकॉकने भरले.

त्याच्या 1963 च्या एका सिनेमाचं इंग्रजी नाव होतं ‘ब्लॅक सबाथ’. बर्मिंगहॅमच्या चार पोरांनी आपल्या बँडसाठी ते नाव उचललं. पुढचं तुम्हाला माहितीय. त्या सिनेमाच्या इटालियन आवृत्तीचा शेवट जरूर बघा. बोरिस कार्लॉफ घोड्यावरून जंगलातून भरधाव निघालाय. मग कॅमेरा मागे सरकतो. घोडा खोटा आहे, जागच्या जागी हलतोय, आणि हातात फांद्या घेतलेली माणसं त्याच्याभोवती गोल गोल पळतायत. तेच जंगल!

आयुष्यभर धुक्यामागे जे लपवलं, ते त्याने इथे स्वतःच उघडं करून दाखवलं. कुठलाही जादूगार असं करत नाही. बावाने केलं, कारण ट्रिक कळली तरी मजा कमी होत नाही याची त्याला खात्री होती. तेव्हा बजेट नाही म्हणून कपाटात पडलेली ती स्क्रिप्ट बाहेर काढा. दोन दगड कुठेही मिळतील.